दिवेलागणीनंतरचं विरजण

यंत्राच्या मते संयोगिता घोरपडे आणि वैजयंती वेल्हाळ या दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

आता यंत्र काही असं फटकन तोंडावर बोललं नाही. सरकारी यंत्रं हल्ली फार गोड बोलतात. संयोगिताच्या फोनवर आलेल्या निरोपात आधी तिचे आभार मानले होते, मग दोन्ही नमुने काळजीपूर्वक तपासल्याचं सांगितलं होतं, मग 'सामायिक घराची खूण आढळली नाही' असं एक वाक्य होतं, आणि शेवटी पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा. कराडच्या एका इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिनं तो निरोप वाचला आणि शुभेच्छांपाशी तिला हसूच आलं. सरकारनं गोड बोलून वाटेला लावायची तिला जुनी सवय होती. या वेळी फरक एवढाच, की वाटेला लावणारं यंत्र तिनंच भांडून आणलेलं होतं.

काचेपलीकडे वैजयंती उशीला टेकून बसली होती. पंधरवड्यापूर्वी तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात लुळा पडला आणि बरेचसे शब्द गेले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला आता पाणी मागायचं तर शब्द सापडत नव्हता. शनिवारी तिला घरी सोडणार होते, आणि घरी म्हणजे कुठे, इथेच घोडं अडलं होतं. पेशंटला स्वतः सांगता येत नसेल तर नोंदलेल्या सोबत्यानं ठरवायचं, सोबती नसेल तर रक्ताच्या जवळच्या माणसानं, असा कायदा. रक्ताचं माणूस म्हणजे तिचा भाचा ऋत्विक. तो बंगळूरहून आला होता आणि तिथल्या एका चांगल्या शुश्रूषागृहात त्यानं जागाही बघून ठेवली होती. नोंदणी झाली नाही तर शनिवारी वैजयंती बंगळूरला जाणार आणि संयोगितानं तिला वेळ घेऊन, पाहुणी म्हणून भेटायचं.

ते यंत्र समजायला काही अवघड नाही. माणूस स्वतःला कितीही एकटा म्हणवून घेवो, तो एकटा कधीच नसतो. त्याच्या कातडीवर, नाकात, तोंडात, पोटात अब्जावधी जिवाणू संसार थाटून असतात. एका घरात राहणारी माणसं तीच हवा घेतात, त्याच उशांवर डोकी टेकतात, एकमेकांच्या तोंडावर शिंकतात, आणि हळूहळू त्यांचे जिवाणू एकसारखे होत जातात. नवरा-बायकोचे होतात, बहिणी-बहिणींचे होतात, घरातल्या कुत्र्याचेही होतात. शिवाय हे जिवाणू पिढीमागून पिढी थोडे थोडे बदलत असतात. त्यामुळे दोन माणसांमधल्या जिवाणूंची गोत्रं जुळवून पाहिली, तर ती माणसं किती वर्षं एका छपराखाली आहेत हे बऱ्यापैकी सांगता येतं. नाकातला एक बोळा, तोंडातला एक बोळा, पोटातला एक नमुना, की दोन दिवसांत उत्तर. लोकांनी या तपासणीला 'घरपारख' असं सुटसुटीत नाव देऊन टाकलं होतं.

सरकार समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क देत नव्हतं आणि चळवळ तो मागायचं सोडत नव्हती, अशी वर्षं गेल्यावर मधला मार्ग म्हणून सहजीवन कायदा आला. कुठलीही दोन सज्ञान माणसं, बाई-बाई असोत, पुरुष-पुरुष असोत की आणखी कोणी, एक घर करून राहत असतील तर इस्पितळात, पेन्शनीत, घराच्या हक्कात ती एकमेकांची माणसं. पण एक घर केलंय याचा पुरावा काय? दोन पुरुषांना जोडीनं भाडेकरार करून द्यायला घरमालक तयार नसत. शेजाऱ्यांची साक्ष घ्यावी, तर शेजारी साक्षीला उभे राहिले असते तर चळवळ कशाला लागली असती. तेव्हा सरकारच्या समितीपुढे चळवळीच्या वतीनं घरपारख मांडली ती संयोगितानं. आमच्याकडे कागद नाहीत, ती म्हणाली होती, पण आमच्या शरीरांची चौकशी करायची तुम्हाला भारी हौस, तर आता त्यांचीच साक्ष घ्या.

समितीत सरकारच्या बाजूनं देवदत्त काळसेकर बसत. मालवणकडचे, बोलायला मऊ आणि सोडायला चिवट. पाच वर्षांचा सहवास पुरे की दहा वर्षांचा हवा, यावर दोघांची दोन महिने जुंपली होती आणि तिनं पाच पदरात पाडून घेतली. काळसेकरांना कायद्यात अपवादाचं एक कलम हवं होतं, म्हणजे अधिकाऱ्याला योग्य वाटेल तिथे त्यानं सूट द्यावी. ते तिनं काढायला लावलं. अधिकाऱ्यांच्या मर्जीवर आमच्या माणसांचं आजवर काय झालं, हे तिनं समितीला दिवसभर ऐकवलं. मर्जी नको, मोजमाप हवं, हे तिचं वाक्य पुढे फलकांवर झळकलं. मग निघाला चाळणीचा मुद्दा. अन्नातून येणारे जिवाणू मोजायचे नाहीत असं ठरलं, कारण पिशवीतलं दही सगळेच खातात. ते मोजलं तर एका डेअरीवर पोसलेला अख्खा जिल्हा नवरा-बायको ठरेल, असं काळसेकर म्हणाले आणि सगळे हसले. संयोगिताही हसली आणि तिनं सही केली.

त्या दिवशी तिनं मुंबईहून वैजयंतीला फोन केला होता. वैजयंतीनं आनंदानं सगळं ऐकून घेतलं, जेवलीस का विचारलं, आणि मग म्हणाली, "छप्पर एकच लागतं का गं?" संयोगिताला वाटलं, बाई गंमत करतेय.

गंमत कसली. दोघींची छपरं दोनच होती. कराडच्या जुन्या पेठेतल्या एका अरुंद गल्लीत त्यांची घरं समोरासमोर होती, दारं एकमेकांकडे तोंड करून. तिशीच्या आत त्यांचं जुळलं. तेव्हा वैजयंतीच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते, भाऊ-भावजय होते, आणि मास्तरणीची नोकरी जायला एवढीशी कुजबुजही पुरे होती. संयोगिताच्या घरी आई होती. तिला सगळे आऊ म्हणत. पुढे वडील गेले, भाऊ बिऱ्हाड घेऊन बंगळूरला गेला, वैजयंती एकटी राहिली. तरी आज करू, उद्या करू म्हणत एकत्र राहायचं राहूनच गेलं, कारण संयोगिता सदा बाहेर. आज नागपूर, उद्या दिल्ली. लोकांना घर मिळवून देण्याच्या नादात आपण घरी नसतो, हे तिच्या कधी लक्षातच आलं नाही.

ते ऋत्विकनं तिच्या लक्षात आणून दिलं. मुलगा वाईट नव्हता. बारा वर्षांचा होईपर्यंत तो याच गल्लीत वाढला होता आणि संयोगिताला मावशी म्हणायचा. इस्पितळाच्या उपाहारगृहात त्यानं तिच्यासाठी चहा आणला, तिनं दाखवलेला निरोप वाचला आणि बराच वेळ कप फिरवत बसला. मग त्यानं सांगितलं, की तुम्हा दोघींचं काय आहे हे त्याला कॉलेजात असतानाच कळलं होतं आणि त्याची त्याला कधी लाजही वाटली नाही. त्याची तक्रार वेगळीच होती.

"मावशी, मला राग त्या गोष्टीचा नाही," तो म्हणाला. "मी लहानपणापासून आत्याला वाट बघताना बघतोय. तू टीव्हीवर दिसायचीस आणि ती इथे एकटी जेवायची. यंत्र म्हणतंय ते खोटं आहे का, तूच सांग."

सभेत मंत्र्यांना निरुत्तर करणारी ही बाई, पण भाच्यापुढे तिची मान खाली गेली. तिला पहिल्यांदा वाटलं, की यंत्राचं कदाचित बरोबर असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वैजयंतीचे कपडे आणायला तिच्या घरी गेली. गाऊन घेतले, चष्म्याची डबी घेतली, आणि काही नासलं असेल तर टाकून द्यावं म्हणून फ्रिज उघडला. आत एक वाटी होती, वर ताटली ठेवलेली. वाटीच्या काठावर नाव घातलेलं होतं, 'सौ. द्वारका रा. घोरपडे'. आऊची वाटी. आत दोन बोटं दही होतं, आंबून ढोण झालेलं, तरी घट्ट.

वैजयंतीला दही लावता येत नाही, हा गल्लीतला जुना विनोद होता. रोज म्हणून तिचं विरजण बिघडायचं. रोज संध्याकाळी, शाळेच्या वह्या तपासून झाल्या की, ती ही वाटी घेऊन समोर यायची आणि आऊकडून चमचाभर विरजण न्यायची. आली की तासभर बसायची, संयोगिता असली तर दोन तास. आऊ गेल्यावरही ते चालूच राहिलं, फक्त आता दोन्ही घरांत दही वैजयंतीच लावायची. समोरच्या घराची एक किल्ली तिच्याकडेच असे. संयोगिता दौऱ्यावर निघाली की स्टीलच्या डब्यात दहीभात बांधून द्यायची. संयोगिता तो डबा मंत्रालयात खायची, आणि खाताना समितीचाच विचार करायची.

तिनं त्या आंबट दह्यातलं चमचाभर दुधाला लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच लावलं असावं. दुपारी ते बेताचं लागलं होतं. मऊ भातात कालवून तिनं ते आऊच्याच वाटीत घातलं आणि इस्पितळात नेलं.

वैजयंतीनं दोन चमचे खाल्ले. तिसऱ्याला ती थांबली. डाव्या हाताचं बोट तिनं वाटीच्या काठावरून फिरवलं, नावावरून, आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "आऊ."

संयोगितानं चमचा खाली ठेवला. पंधरवड्यातलं ते पहिलं धड नाव होतं. वैजयंतीच्या कपाळावर आठ्या पडल्या, पुढचे शब्द ती कुठूनतरी ओढून आणत होती. "दिवे," ती म्हणाली. मग खूप वेळानं, "बाहेर... देत नाहीत." आणि संयोगिताकडे बघून हसली, अर्ध्याच ओठांनी, कारण उरलेला अर्धा अजून हलत नव्हता.

आणि संयोगिताला ती संध्याकाळ आठवली. मुंबईला सरकारशी पहिली बैठक होती आणि ती पिशवी खांद्याला लावून एसटीसाठी निघाली होती. देवापाशी दिवा लागला होता. दिवे लागल्यानंतर घरातलं दही, मीठ, सुई बाहेर द्यायची नाही, लक्ष्मी जाते, असं मानणाऱ्यांतली आऊ. शेजारची छबूकाकी विरजण मागायला आली, तर आऊनं तिला चक्क सकाळी ये म्हणून परत पाठवलं. पाच मिनिटांनी वैजयंती वाटी घेऊन आली आणि तिला मात्र काठोकाठ दिलं. असलं काही दिसलं की संयोगिताची जीभ वळवळायची. काकीला नाही आणि वैजूला आहे, हा कुठला नियम गं आऊ, तिनं विचारलं होतं. आऊनं मानही वर केली नाही. "दिवे लागल्यावर बाहेर देत नाहीत," एवढंच म्हणाली आणि भांडं झाकून ठेवलं. म्हातारीला प्रश्नच कळला नाही असं समजून संयोगिता हसत हसत एसटी गाठायला पळाली. दुसऱ्या दिवशी मुंबईत, 'कुटुंब' या शब्दात आम्हाला धरा म्हणून ती सरकारशी चार तास भांडली.

आऊला प्रश्न कळला होता. तिनं उत्तरही दिलं होतं. वैजयंती तेव्हा वाटी धरून दारात उभी होती, तिनं ते ऐकलं होतं, आणि एवढी वर्षं जपून ठेवलं होतं. बाकी सगळे शब्द गेले तेव्हा हे तेवढे राहिले. संयोगितानं तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि ती रडली. आपण ज्या दाराला बाहेरून धडका देत होतो, ते आऊनं आतून केव्हाच उघडून ठेवलं होतं.

डोळे पुसल्यावर तिला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती सुचणं हे तिच्या वीस वर्षांच्या भांडणांचंच फळ. तिनं घरपारखीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या डॉ. शाहीन पटवेकर समितीच्या वेळेपासून ओळखीच्या होत्या. चाळणीतून गाळून टाकलेल्या जिवाणूंचं तुम्ही काय करता, तिनं विचारलं. शाहीन म्हणाल्या, काही नाही, पडून असतात. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "घरी लावलेलं दही आहे का तुमच्याकडे?"

दोन्ही घरांतलं दही दोन डब्यांत बर्फावर ठेवून त्याच दिवशी पुण्याला गेलं.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी जुई शेंडकरचा फोन आला. चळवळीची धुरा आता तिच्याकडे होती, आणि पोरगी हुशार होती. तिचं म्हणणं सरळ होतं. चाळणीच्या नियमावर शेकडो जोडप्यांची नोंदणी उभी आहे. तो एकदा उघडला की सरकार त्यातून काय आत सारेल याचा नेम नाही. ताईंनी हे दार उघडू नये. ताईंना नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

"तुझं बरोबर आहे," संयोगिता म्हणाली. "पण नियम करताना मी चुकले, जुई. ज्यांना एक छप्पर मिळालंच नाही, त्यांना मी विसरले. त्यात मीही होते. परवा आयुक्तांपुढच्या सुनावणीत मी कुणाच्या वतीनं बोलणार नाही. मी फक्त अर्जदार आहे."

मग जुईनं विचारलं, "वैजूमावशी जेवल्या का?"

काळसेकर आता सहजीवन आयुक्त होते. केस पांढरे झाले होते, पण टेबलावर पेन्सिली ओळीत लावून ठेवायची सवय तीच. समोर संयोगिता, तिच्या शेजारी डॉ. शाहीन, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, हरकत घेण्याचा हक्क असलेला रक्ताचा नातेवाईक म्हणून ऋत्विक. काळसेकरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की घोरपडेबाईंचं प्रकरण वाचून त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याला कायद्यात जागा नाही.

"सूट द्यायचं कलम मी मागितलं होतं," ते म्हणाले. "ते तुम्ही काढायला लावलंत. माझे हात तुम्हीच बांधलेत, बाई."

"ते बांधलेलेच राहू द्या, साहेब," संयोगिता म्हणाली. "मी सूट मागायला आले नाही. मोजायला सांगायला आलेय."

मग शाहीन बोलल्या. घरचं दही म्हणजे जिवाणूंची एक पाळीव वसाहतच. आजच्या दह्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं, असं विरजण चालत राहतं आणि प्रत्येक घरात ते आपापल्या वाटेनं बदलत जातं. दोन घरांनी एकदा विरजण वाटून घेतलं आणि पुढे आपापलं लावलं, तर काही वर्षांत त्या दोन वाटा वेगळ्या ओळखू येतात. इथे दोन घरं आहेत, पण वाट एकच आहे. कुठेही फाटा फुटलेला नाही. तीसेक वर्षं जवळजवळ रोज ये-जा असल्याशिवाय असं होत नाही. आणि हाच वंश दोघींच्या पोटात सापडतो, बाजारच्या कुठल्याही दह्यात सापडत नाही. "घोरपडेबाई गावोगाव फिरत होत्या म्हणतात," शाहीन म्हणाल्या, "पण पोटावरून तर त्या घर सोडून फारशा कुठे गेलेल्या दिसत नाहीत."

"डबा," काळसेकर अचानक म्हणाले. समितीच्या जेवणाच्या सुट्टीत उघडायचा तो स्टीलचा डबा त्यांना आठवला होता. दहीभात, वर मिरचीची फोडणी. भांडण कितीही झालेलं असो, बाई दोन घास त्यांच्या ताटात घालायच्या. त्यांनी खाली बघून पेन्सिल सरळ केली. तेव्हाच तपासलं असतं तर मीही तुमच्या घरातला निघालो असतो, ते म्हणाले. कोणी हसायच्या आतच ते पुन्हा आयुक्त झाले. त्यांची शंका रास्त होती. विरजण शेजारी-पाजारी सगळेच देतात. तो शेजारधर्म झाला. शेजार आणि घर यांतला फरक जिवाणूंना कसा कळणार?

"जिवाणूंना नाही कळत. माझ्या आईला कळत होता," संयोगिता म्हणाली आणि तिनं त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली. छबूकाकी परत गेली ती, आणि वैजयंतीची वाटी काठोकाठ भरली ती. आऊ काय म्हणाली तेही तिनं शब्दाला शब्द सांगितलं.

मालवणात काळसेकरांच्याही घरी दिवे लागल्यावर कोणी ताक मागायला आलं तर त्यांची आई दारातूनच हात जोडायची. या नियमाला अपवाद फक्त घरच्यांचा असतो, हे त्यांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्यांनी समोरची नियमावली उघडली. एकट्याच्या अधिकारात त्यांना काही देता येत नव्हतं, ते खरं. पण शास्त्रज्ञांची शिफारस असेल तर नवी खूण नियमात घेण्यासाठी समितीकडे पाठवता येत होती, आणि तिचा निकाल लागेपर्यंत तात्पुरती नोंद करता येत होती, रक्ताच्या नातेवाइकाची हरकत नसेल तर. जुनं काही काढायचं नाही, फक्त नवी भर घालायची, हेही त्यांनी शेऱ्यात लिहिलं. मग ते ऋत्विककडे वळले.

ऋत्विक टेबलाकडे बघत होता. "मी सहा-सात वर्षांचा असेन," तो सावकाश म्हणाला. "आत्या संध्याकाळी वाटी घेऊन निघायची तेव्हा मला म्हणायची, दार लावून घे रे, मी जरा घरी जाऊन येते. मी म्हणायचो, आत्या, घरी तर तू आहेसच. ती हसायची. मला इतकी वर्षं वाटत होतं, तिच्या तोंडून चुकून जातं." तो संयोगिताकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. "रोज कोणी चुकत नाही, मावशी."

त्यानं काळसेकरांना सांगितलं, की त्याची हरकत नाही.

शनिवारी दुपारी वैजयंती घरी आली, म्हणजे समोरच्या, संयोगिताच्या घरी. ऋत्विकनं आणि गल्लीतल्या दोघांनी तिची खुर्ची पायरीवरून वर घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथून ओटा दिसतो तिथे, आऊ बसायची त्या जागी ठेवली. ऋत्विक चार दिवस राहणार होता. तो समोर आत्याच्या घरी झोपणार होता.

संध्याकाळी संयोगितानं देवापाशी दिवा लावला. देवावर तिचा विश्वास नव्हता, पण आऊचा दिवा तिनं विझू दिला नव्हता. मग दूध कोमट केलं आणि चमचा घेऊन उभी राहिली. वैजयंतीनं डाव्या हातानं खूण करून भांडं जवळ मागवलं, करंगळीचं टोक दुधात बुडवलं आणि नकारार्थी मान हलवली. दूध अजून गरम होतं. संयोगिता मुकाट्यानं थांबली. पुन्हा करंगळी, पुन्हा मान. तिसऱ्यांदा मान होकारार्थी हलली.

"वैजू, एक विचारू?" संयोगिता विरजण लावता लावता म्हणाली. "तुझं खरंच रोज बिघडायचं?"

वैजयंती तिच्याकडे बघत राहिली. शब्द शोधायला तिला या वेळी फार लांब जावं लागलं नाही. "कधीच... नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. छबूकाकी आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत, पदराखाली वाटी धरून. वैजूची विचारपूस करायला आले असं म्हणाल्या आणि खरोखरच पाच मिनिटं केलीही. मग जाता जाता मूळ कामावर आल्या. "वाईच इरजान हाय का गं संयू? सुनबाईनं पिशवीतलं आणलंय, त्याला काय चवच न्हाई."

संयोगितानं झाकलेल्या भांड्याकडे बघितलं. लोकांच्या डोक्यातल्या अंधश्रद्धा काढण्यात तिची उभी हयात गेली होती.

"काकी, सकाळी या," ती म्हणाली. "दिवे लागल्यावर आम्ही बाहेर देत नाही."

छबूकाकी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांची नजर खुर्चीतल्या वैजयंतीकडे गेली, तिथून ओट्यावरच्या द्वारकाबाईंच्या वाटीकडे गेली. त्या रागावल्या नाहीत. "आईवरच गेलीस," एवढं म्हणाल्या आणि काठी टेकत पायऱ्या उतरल्या.

दार लावून संयोगिता परत आली, तेव्हा वैजयंतीनं डावा हात पुढे केलेला होता, रोजच्यासारखा. संयोगितानं वाटीत चमचाभर विरजण घातलं आणि ती वाटी तिच्या हातात दिली.